दहावीचा पेपर आणि लाल टोप्या

पोरीची दहावी असलेल्या घरात ‘मोर्चा’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. ११ मार्च २०१८ च्या रविवारी आमच्याकडे तेच चाललं होतं. नाशिकहून १८० किलोमीटर चालत आलेले लाल टोप्यांतले शेतकरी मुंबईत सोमय्या मैदानात मुक्कामाला, सोमवारी विधान भवनावर धडकणार, आणि सोमवारीच लेकीचा पेपर. ‘ह्यांना हाच दिवस सापडला?’ असं मी पाचदा तरी म्हटलं असेन.

रात्री कळलं, परीक्षेच्या पोरांची अडचण नको म्हणून ते रात्रीच आझाद मैदानाकडे निघणार. सहा दिवस उन्हात चाललेली माणसं! मला आधी वाटली ती लाज. बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन शीवच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले. एका आजींच्या तळव्याची साल निघालेली. पाणी पिता पिता मलाच विचारतात, “तुझी पोर हाय का परीक्षेला? मग जा घरी, सकाळी उठवायचं ना तिला.”

सासूबाई १९७२ च्या सुमारास महागाईविरोधी लाटणं मोर्च्यात होत्या, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे. त्या म्हणतात, “दगड घ्या म्हणाल्या असत्या तर मी गेलेच नसते. लाटणं काय, हातातच होतं.” एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अभ्यासकांनी १९०० ते २००६ मधल्या ३२३ लढ्यांचा हिशेब मांडलाय: नि:शस्त्र लढे ५३ टक्के यशस्वी, सशस्त्र २६. ते लढे राजवट उलथवण्याचे, परकी सत्ता हटवण्याचे. आपल्या मोर्च्यांना ते आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण कारण त्या देतात ते सासूबाईंचंच: नि:शस्त्र लढ्यात कुणालाही उतरता येतं.

मला कोडं पडतं ते बघ्यांचं. म्हणजे माझंच. वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी, यातलं मला त्या रात्री धड काही ठाऊक नव्हतं. ते सगळं नंतर वाचलं. त्यांनी माझ्या लेकीची झोप सांभाळली, एवढ्यावर मी त्यांच्या बाजूची झाले होते.

सोमवारी सरकारने बहुतेक मागण्या मान्य केल्या. अंमलबजावणी रखडली म्हणून २०१९ मध्ये ते पुन्हा निघाले, २०२३ मध्येही. दोन्ही वेळा मी मोबाइलवर बातमी बघितली आणि पुढे सरकवली. घरात कुणाची परीक्षा नव्हती.