गाळलेला 'किमान'

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो, तेव्हा मैदान आणि स्नेहसंमेलन यांच्याआधी मला नववीतला सारांशलेखनाचा तास आठवला. कारण वकिलीच्या व्यवसायात ज्या शालेय विद्येवाचून माझा एकही दिवस जात नाही, ती मला त्याच तासाला मिळाली.

सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश असावा, एवढाच नियम आम्हांला ठाऊक होता, म्हणून आम्ही लेखकाचीच वाक्ये उचलून त्यांतली विशेषणे गाळत असू. मराठीच्या बाईंनी ही सवय मोडली. उतारा दोनदा वाचायचा, प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे समासात चार-पाच शब्दांत टिपायचे आणि मग पुस्तक मिटून केवळ त्या टिपणांवरून लिहायचे, असा त्यांचा आग्रह असे. उदाहरणांची रांग आली, तर सर्वांना सामावणारा एक शब्द शोधायचा. संत्री, मोसंबी, लिंबू यांच्या जागी 'लिंबूवर्गीय फळे'. मात्र उतारा संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन बहारांतील फरकाविषयीच असेल, तर ती नावे गाळता येणार नाहीत, हेही त्यांनी त्याच वेळी बजावले होते.

एकदा २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावरील उतारा आला. विधिमंडळाचे दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात भरवावे, असे त्या करारात आहे. मी लिहिले, 'दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात भरवण्याचे ठरले.' बाईंनी माझ्या वाक्यात लाल शाईने 'किमान' घातला आणि मला जवळ बोलावून समजावले, की करार खालची मर्यादा सांगतो, माझे वाक्य नेमकी संख्या सांगते. म्हणजे मी उतारा लहान केलेला नाही, बदलला आहे. किमान, फक्त, सहसा, अंदाजे, 'अमुक अट पाळल्यास' हे शब्द दिसायला लहान असले, तरी विधानाची सीमा तेच आखतात. शब्दसंख्या ओलांडली तरी चालेल, पण हे शब्द राहिलेच पाहिजेत, असे मला आजही वाटते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका दाखल करताना सोबत घटनांचा तारीखवार गोषवारा जोडावा लागतो. शेकडो पानांची कागदपत्रे दोन-तीन पानांत आणताना मी प्रथम समासातली टिपणेच करतो, मूळ कागद बाजूला ठेवून लिहितो आणि स्वतःचा युक्तिवाद त्यात येऊ देत नाही, कारण त्याची जागा याचिकेत पुढे असते. त्यानंतर मूळ कागद पुन्हा समोर घेऊन केवळ मर्यादा घालणारे शब्द तपासतो. शेवटी प्रकरण मुळीच न वाचलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याला तो गोषवारा वाचायला देतो आणि काय घडले ते सांगायला लावतो. जिथे तो अडखळतो, तेवढी ओळ पुन्हा लिहितो.