मागच्या बाकांचं एक मत

स्मरणिका समितीच्या पत्रासोबत विषयांची यादीही आली होती. संस्कार, शिस्त, गुरुजनांचे ऋण, शालेय जीवनातील अविस्मरणीय प्रसंग. पहिल्या तिन्हींवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे माझ्याच बॅचमध्ये आहेत. प्रसंग मात्र माझ्याकडे आहे. तो आठवी 'ब'च्या वर्गातला आहे आणि प्राचीन रोममधलाही.

इतिहासाच्या बाईंनी "माझं नाव छापलंस तर याद राख" असा दम फोनवर दिल्यामुळे मी नुसतं 'बाई' असंच लिहितो. 1980 नंतरच्या दहा-बारा वर्षांत शाळेत असलेल्यांना ओळख पटायला अडचण येऊ नये.

आमच्या पुस्तकात रोमला जेमतेम दोन पानं होती. रस्ते, पूल, स्नानगृहं, कायदा, सीझरचा खून, की साम्राज्य कोसळलं. परीक्षेला 'टीपा लिहा'मधल्या दोन मार्कांपुरता रोम. बाई त्या दोन पानांवर इतक्या रेंगाळल्या की पुढचे धडे आम्हाला जादा तासांना उरकावे लागले. पोर्शनवरून मुख्याध्यापकांनी त्यांना विचारल्याचंही कानावर आलं होतं. त्यांनी काय उत्तर दिलं ते कळलं नाही, रोम मात्र चालू राहिला.

सुरुवात झाली मतदानाने. बाई म्हणाल्या, सहल कुठे न्यायची ते तुम्हीच ठरवा, पण रोमच्या पद्धतीने. त्याआधी शिरगणती. रोममध्ये दर पाच वर्षांनी सेन्सर नावाचे दोन अधिकारी बसायचे आणि प्रत्येक नागरिकाला आपली मालमत्ता शपथेवर सांगावी लागायची. त्यावरून वर्ग ठरायचा, वर्गावरून सैन्यातली जागा आणि मताचं वजन. कुणाच्या घरी काय आहे हे बाईंनी अर्थातच विचारलं नाही. चिठ्ठ्या काढल्या. साठेक पोरांतले पाच जण श्रीमंत निघाले. मधल्या चार गटांत तीसेक जण गेले. उरलेले आम्ही पंचवीस जण 'ज्यांच्याकडे मोजायला डोकं सोडून काही नाही' अशा शेवटच्या वर्गात. आम्हाला मागच्या बाकांवर बसवलं. माझी जागा तशीही तिथेच होती.

मग बाईंनी फळ्यावर हिशोब मांडला. रोमच्या त्या सभेत माणशी मत नव्हतं, गटाला मत होतं. असे गट एकूण 193. घोडेस्वारांचे 18 आणि पहिल्या वर्गाचे 80, म्हणजे वरच्यांचे 98. बाकीच्या सगळ्या रोमचे मिळून 95. त्यातही ज्यांच्याकडे काहीच नाही, ती सगळी माणसं मिळून एक गट, एक मत. वर्गासाठी बाईंनी आकडे ढोबळ केले. एकूण 19 मतं, त्यातली 10 पहिल्या पाच जणांची, मधल्या चार गटांना दोन-दोन, आणि आम्हा पंचवीस जणांना मिळून एक.

"पन्हाळा की गणपतीपुळे?" बाईंनी विचारलं. कोल्हापूरच्या पोराला पन्हाळा म्हणजे घरामागचं परसू. सगळ्या वर्गाला समुद्र हवा होता. त्या पाच जणांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले आणि दहाच्या दहा मतं पन्हाळ्याला दिली. बाईंनी खडू खाली ठेवला. "झालं. बहुमत मिळालं. मतदान संपलं."

मागून एक जण ओरडला, "बाई, आमचं घ्यायचं ऱ्हायलंय की!"

"गरज नाही," बाई म्हणाल्या. "रोममध्येही वरचे गट एक झाले की पुढच्यांना बोलवत नसत. तुमच्यावर अन्याय कुठे झालाय? मत तर तुम्हालाही आहे."

तो वर्ग ज्याने पाहिला नाही त्याला तो गोंधळ सांगून कळणार नाही. आम्ही बाक वाजवले, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. बाई शांतपणे हजेरीपट भरत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आम्ही पंचवीस जण वर्गात गेलोच नाही. मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसलो. शिक्षा होणार हे धरूनच चाललो होतो. थोड्या वेळाने बाई आल्या, मागे उरलेला सगळा वर्ग. त्यांचा चेहरा असा खुलला होता की आपण काहीतरी पाठ बरोबर म्हटलाय असं आम्हाला वाटलं. तिथेच पारावर टेकून त्यांनी इ.स.पू. 494 सांगायला घेतलं. राजाला हाकलून रोमला पंधरा वर्षं झाली होती. राजाच्या जागी दर वर्षी दोन कॉन्सल निवडले जात, एकाने दुसऱ्याला अडवावं म्हणून दोन. व्यवस्था कागदावर देखणी. पण कर्जात बुडालेला शेतकरी सावकाराच्या बेड्यांत पडत होता, आणि युद्ध आलं की त्यालाच तलवार घेऊन उभं राहावं लागत होतं. एक दिवस ही सामान्य माणसं, ज्यांना प्लेबियन म्हणत, शहर सोडून आनियो नदीपलीकडच्या टेकडीवर जाऊन बसली. मारामारी नाही, जाळपोळ नाही. नुसती जाऊन बसली.

त्यांची समजूत घालायला मेनेनियस अग्रिप्पा नावाचा सरदार गेला. त्याने गोष्ट सांगितली की हातपाय आणि तोंड पोटावर रुसले, म्हणाले हे नुसतं बसून खातं, आणि त्यांनी काम बंद केलं तेव्हा सगळं शरीरच गळाठलं. आम्हाला गोष्ट फार आवडली. बाईंनी आवडू दिली आणि मग विचारलं, "ही गोष्ट पोटाने सांगितली की हातांनी?" आम्ही गप्प. "आणि नुसत्या गोष्टीवर ते परत आले असं वाटतं का तुम्हाला? परत आले ते ट्रिब्यून मिळाले म्हणून."

ट्रिब्यून हा बाईंचा लाडका विषय. सामान्यांनी निवडलेला, सामान्यांतलाच माणूस. त्याच्या अंगाला हात लावणारा शापित ठरे. सरकारी अधिकाऱ्याने कुणाला पकडलं तर मध्ये उभं राहून तो 'नाही' म्हणू शकत असे. त्याच्या घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवावं लागे. हे दाराचं ऐकून आमच्यातल्या एकाने विचारलं, चोर शिरला तर? बाई हसून म्हणाल्या, चोरालाही तक्रार असू शकते.

सहल पुढे गणपतीपुळ्यालाच गेली. पण त्याआधी बाईंनी फळ्यावर बाबासाहेबांचं एक वाक्य लिहून आमच्या वहीत उतरवून घेतलं होतं. संविधान सभेत 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेबांनी 'एक माणूस, एक मत' एवढ्यावर न थांबता 'एक मत, एक मूल्य' हेही का म्हटलं, ते 193 गटांचा हिशोब करून ज्याने पाहिलाय त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रोमचं कौतुक बाईंना मनापासून होतं, पण ते त्या कधी सुटं विकत नसत. पुस्तकात आप्पियन रस्त्याचं चित्र होतं. इ.स.पू. 312 मध्ये बांधायला घेतलेला, दगडी फरसबंदीचा, आजही त्याचे तुकडे चालण्याजोगे. चित्र दाखवून झाल्यावर बाईंनी स्पार्टाकस सांगितला. काप्वा गावात गुलामांना प्रेक्षकांपुढे जिवावरच्या लढती खेळायला तयार करणारी ग्लॅडिएटर शाळा होती. स्पार्टाकस तिथलाच. त्या शाळेतून इ.स.पू. 73 मध्ये सत्तरेक गुलाम स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन पळाले, आणि बघता बघता त्यांची फौज झाली. दोन वर्षांनी क्रासुस या रोमन सेनापतीने ती मोडली. जिवंत हाती लागलेल्या 6000 गुलामांना काप्वा ते रोम याच रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवलं.

मग बाईंनी आम्हाला गणित घातलं. अंतर सुमारे 200 किलोमीटर, क्रूस 6000. किती अंतरावर एक? आम्ही भागाकार केला. साधारण तेहेतीस मीटर. "म्हणजे आपल्या वर्गापासून घंटेपर्यंत," बाई म्हणाल्या. "आता कोल्हापूरहून एस.टी.त बसा आणि खेड शिवापूरपर्यंत खिडकीतून मोजत जा." वर्षभर माझा पुण्याचा प्रवास त्या हिशोबाने नासला होता. अजूनही कराड सोडलं की कधीतरी आठवतो. तेराव्या वर्षीच्या मुलांना हे सांगावं का, असं तेव्हा काही पालकांनी विचारलं होतं म्हणे. मला वाटतं, सांगावं. नाहीतर रस्ता तेवढा लक्षात राहतो.

प्रजासत्ताक कसं गेलं हे शिकवताना सीझरला त्यांनी फारच थोडा वेळ दिला. आम्ही त्याच्या खुनाची वाट बघत होतो. 15 मार्च, 23 जखमा, एवढं सांगून त्या मागे गेल्या, इ.स.पू. 133 मध्ये. त्या वर्षी टायबेरियस ग्राकुस नावाच्या ट्रिब्यूनने सरकारी जमीन बळकावून बसलेल्या बड्यांवर मर्यादा घालून उरलेली भूमिहीनांना वाटायचा कायदा केला. त्याला सिनेटरांच्या, म्हणजे बड्यांच्या राज्यसभेतल्या सभासदांच्या, जमावाने भर सभेत मारलं, तेही मोडक्या बाकांच्या पायांनी. आम्ही आपल्या बाकांकडे बघितलं. ज्याच्या अंगाला हात लावायचा नाही त्यालाच मारून टाकल्यावर, बाई म्हणाल्या, पुढे फौज घेऊन रुबिकॉन नदी ओलांडून सत्ता बळकवायला कुणीतरी येणारच होतं, त्याचं नाव सीझर असायलाच हवं होतं असं नाही. हे मत सगळ्या इतिहासकारांना मान्य होईल असं नाही. मला आजही पटतं.

सीझरनंतरचा पहिला सम्राट ऑगस्टस, त्याचा धडा त्याहून चतुर होता. त्याने काहीच बंद केलं नाही. सिनेट भरत होती, कॉन्सल होत होते, ट्रिब्यून निवडले जात होते. फक्त ट्रिब्यूनचे सगळे अधिकार त्याच्याकडेही होते, पद न घेता, आणि तहहयात.

गंमतही होती. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा रंगवलेल्या सापडल्या आहेत, हजारोंनी. अमुक धंद्याचे लोक तमुक उमेदवाराला पाठिंबा देतात अशा. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकाही आपलं नाव घालून उमेदवार सुचवत. आणि वातिया नावाच्या एका उमेदवारासाठी लिहिलंय की भुरटे चोर त्याला मत द्यायला सांगतात, दुसऱ्या भिंतीवर रात्री उशिरापर्यंत पिणारे. विरोधकांचाच उद्योग असावा. आमच्या वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत फळ्यावर 'गृहपाठ न करणाऱ्यांचा जाहीर पाठिंबा' असं झळकलं तेव्हा पुसायच्या आधी बाईंनी ते नीट वाचलं आणि शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली.

टाउन हॉलच्या संग्रहालयातही त्यांनी नेलं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945 च्या सुमारास झालेल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी काशाची मूर्ती सापडली, हे कोल्हापुरात राहून आम्हाला माहीत नव्हतं. पंचगंगेच्या काठी भूमध्य समुद्राचा देव! बाईंनी तिथेही प्लिनी या रोमन लेखकाचं रडगाणं ऐकवलं, की हिंदुस्थान दर वर्षी आमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो. मिरी, मलमल, मोती यांचे पैसे देणारे रोममधले तेच वरचे 98 गटवाले, हे सांगायला त्या विसरल्या नाहीत.

मी पुढे वकील झालो. त्याचं श्रेय बाईंना दिलं तर त्या रागावतील, पण बारा तक्ते मी लॉ कॉलेजच्या आधी त्यांच्याकडून ऐकले होते. इ.स.पू. 450 च्या सुमाराचे, रोमचे पहिले लेखी कायदे. शेजाऱ्याच्या आवारात पडलेलं आपल्या झाडाचं फळ गोळा करता येतं, हे त्यात आहे. कर्ज बुडवणाऱ्याला अखेर टायबर नदीपलीकडे विकता येतं, हेही आहे. बांधावरच्या आंब्याचे दावे चालवताना मला पहिलं कलम आठवतं, बँकेची जप्ती आली की दुसरं.

मध्यंतरी म्हापशाच्या एका कुटुंबाचं वाटपाचं काम माझ्या पक्षकारामुळे माझ्याकडे आलं. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा अजून चालते, आणि तिची मुळं थेट रोमन कायद्यात आहेत. बापाला मृत्युपत्राने निम्मीच मालमत्ता मनाप्रमाणे देता येते, निम्मी मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी भेद न करता. कोर्टाच्या व्हरांड्यातून मी बाईंना फोन लावला. म्हटलं, तुमचा रोम गोव्यात भेटला. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे, पण आवाज तोच.

"बारा तक्त्यांतसुद्धा मृत्युपत्र नसेल तर बापाच्या छत्राखालच्या मुलीला मुलाइतकाच वाटा होता," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानं हक्क मिळायला महाराष्ट्रातल्या मुलीला 1994 उजाडावं लागलं."

मी म्हटलं, म्हणजे या बाबतीत तरी रोमला पैकीच्या पैकी.

"थांब. नवऱ्याच्या सत्तेत गेलेल्या मुलीचं माहेरचं नातं तुटायचं, ते? आणि इ.स.पू. 169 चा वोकोनियसचा कायदा? पहिल्या वर्गातल्या श्रीमंताला मृत्युपत्रात बाईला वारस नेमायचीच बंदी..."

तेवढ्यात आमच्या दाव्याचा पुकारा झाला आणि मला फोन ठेवावा लागला. संध्याकाळी पुन्हा लावला, तर "कुठे होतो आपण? हां, वोकोनियस," म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली.