आमची वाटचाल : घड्याळ लावून पाच मिनिटं

उन्हाळ्यात सकाळी आठपासून दुकानातला फोन वाजायला लागतो आणि निम्म्या जणांचं म्हणणं एकच असतं : "फ्रीज सारखा चालू-बंद होतोय, गॅस संपलाय, भरायला या." निघायच्या आधी आम्ही त्यांना एक विनंती करतो. घड्याळ घेऊन फ्रीजजवळ पाच मिनिटं थांबा. किती वेळ चालतो, किती वेळ बंद राहतो, बंद होताना 'टक्' असा आवाज येतो का, तेवढं सांगा. काहींना राग येतो. पण आमचं दुकान या पाच मिनिटांवरच उभं आहे, आणि ती पाच मिनिटं शिकायला आम्हाला नऊ वर्षं लागली.

तासगावात मी हे दुकान १९९८ साली टाकलं. आयटीआयचा रेफ्रिजरेशनचा ट्रेड झालेला, पुण्यात एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षं काम केलेलं. भांडवल म्हणजे एक गॅस सिलिंडर, पाइप जोडायचा ब्रेझिंगचा टॉर्च, दाब मोजायचं गेज आणि करंट-व्होल्टेज मोजायचा सेकंडहँड टाँग टेस्टर. पहिली काही वर्षं बरी गेली. कॉम्प्रेसर बदलण्यात आमचा हात बसला होता आणि तेच आमचं नाव होत चाललं होतं.

२००७ चा एप्रिल. ग्रामीण भागात लोडशेडिंग जोरात होतं. बाजाराजवळ दूध, दही आणि आइस्क्रीम विकणाऱ्या एका आण्णांचा डीप फ्रीजर बंद पडला. कॉम्प्रेसर नुसता घूं करायचा, दहा सेकंदांत टक्, मग शांत. पाच-सात मिनिटांनी परत तेच. प्लगमध्ये व्होल्टेज बघितलं, २१८. मोटर सुरू करून देणारा रिले बदलला, मोटर तापली की सप्लाय तोडणारा ओव्हरलोड बदलला, फरक नाही. म्हणजे कॉम्प्रेसर आतून जाम, असं मी ठरवून टाकलं. फ्रीजर दुकानात आणला, जुना कॉम्प्रेसर कापून नवा बसवला, गॅस भरला. रात्रभर उत्तम चालला. सकाळी पोचवला आणि दुपारी आण्णांचा फोन आला : "परत टक् टक् करतोय रे."

दुपारी दोनला मी तिथं जाऊन बसलो. या वेळी टेस्टरच्या पिना प्लगमध्ये न घालता कॉम्प्रेसरच्या वायरींवर धरल्या आणि तो सुरू व्हायची वाट पाहिली. सुरू व्हायला गेला त्या क्षणी २१८ चे १५४ झाले. त्यांचं मीटर मागच्या घरात होतं. तिथून पत्र्यावरून ऐंशी फूट बारीक वायर आणलेली, मधे पिळा मारून टेप गुंडाळलेला जोड. टेप काढला तर जोड काळा पडलेला. काही चालू नसताना त्या वायरीवर व्होल्टेज भरपूर दिसायचं, पण कॉम्प्रेसर सुरू होताना चालण्याच्या पाच-सात पट करंट ओढतो. तेवढा करंट त्या जोडातून जाईना. मोटर फिरत नव्हती म्हणून तापत होती, आणि तापली की ओव्हरलोड तिला वाचवण्यासाठी सप्लाय तोडत होता. तो टक् आवाज बिघाडाचा नव्हताच, बिघाडापासून वाचवणाऱ्याचा होता.

रात्री दुकानात येऊन काढलेला जुना कॉम्प्रेसर टेबलावर लावला. पहिल्याच झटक्यात सुरू झाला. कापायच्या आधी दुकानात तो एकदा लावून बघितला असता तरी कळलं असतं. दुसऱ्या दिवशी आण्णांना कॉम्प्रेसरचे आणि मजुरीचे सगळे पैसे परत दिले, वायरमनला बोलावून अडीच एमएमची तांब्याची वायर एकसलग टाकून घेतली. आण्णा एवढंच म्हणाले, "पैशाचं राहू दे, माझं दोन दिवसांचं दूध नासलं." ते वाक्य मला आजही तसंच ऐकू येतं.

त्यानंतर दुकानात नोंदवही आली. ती आमच्या सौ. लिहितात. प्रत्येक कामाला तीन आकडे : चालू किती, बंद किती, सुरू होतानाचं व्होल्टेज. दोन उन्हाळ्यांत तिच्यातून बरंच उमगलं. सेकंदांत बंद पडत असेल तर दोष बहुतेक वेळा विजेकडे : व्होल्टेज, रिले, कपॅसिटर, किंवा खरोखरच मोटरचं वाइंडिंग. लाइट जाऊन लगेच आली तरी असंच होतं. कॅपिलरीच्या, म्हणजे गॅस जातो त्या बारीक नळीच्या, दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी सुरू करायला गेलं तर मोटरला तो दाब ढकलवत नाही. म्हणून आम्ही टाइम डिलेवाल्या, म्हणजे लाइट आल्यावर थोडं थांबून सप्लाय देणाऱ्या, स्टॅबिलायझरचा आग्रह धरतो. वीस-पंचवीस मिनिटं चालून टक् करून बंद पडत असेल तर उष्णता कुठंतरी कोंडतेय. पिठाच्या गिरणीला लागून घर असलेल्या एका काकांच्या फ्रीजची मागची जाळी उडत्या पिठानं अशी लिंपली होती की पाइप दिसत नव्हते. ब्रशनं अर्धा तास साफ केली, फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, झालं.

आणि गॅस? घरच्या साध्या फ्रीजमध्ये गॅस कमी झाला तर कॉम्प्रेसर सहसा बंदच होत नाही. गारवा पुरत नाही, म्हणून थर्मोस्टॅट सप्लाय तोडत नाही, बिचारा दिवसभर चालतच राहतो. गॅस कमी म्हणून चालू-बंद होतो तो लो प्रेशर स्विच (दाब उतरला की बंद करणारा) असलेला दूध संकलन केंद्रातला कूलर. हा फरक गिऱ्हाइकाला समजावून सांगितला की विनाकारण गॅस भरणं थांबतं. आमचंही एक बिल थांबतं, पण त्याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. कित्येकदा तर दहा-पंधरा मिनिटं चालून तेवढंच थांबणारा फ्रीज अगदी ठणठणीत असतो. तसं फोनवरच सांगतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

मधल्या काळात गॅस बदलत गेले. ओझोनसाठी आर-१२ गेला, आर-१३४ए आला. त्याचं तेल हवेतली ओल पटकन ओढून घेतं, म्हणून पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा चांगला व्हॅक्यूम पंप घेतला. आता बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. पन्नास-साठ ग्रॅम भरायचा, तोही पेट घेणारा. त्यासाठी ग्रॅममध्ये मोजणारा काटा आणि आग न लावता जोड करायचं साहित्य लागलं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची बोर्डं दुरुस्त करायला मात्र आम्ही अजून शिकतोय.

आज दुकानात आम्ही पाच जण आहोत. दरवर्षी आयटीआयची दोन मुलं शिकायला येतात. आण्णांचा तो जुना कॉम्प्रेसर फळीवर बसवून ठेवलाय, शेजारी व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमरस्टॅट. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात पाना देत नाही. २३० वर कॉम्प्रेसर सुरू करून दाखवतो, बंद करतो, पाच मिनिटं थांबतो, मग १५० वर आणून सुरू करतो. घूं होतं, टक् होतं. तोवर मुलांच्या हातात वही आणि घड्याळ दिलेलं असतं.