आमची वाटचाल : बारा काळ नंतर, सातशे शब्द आधी

वाळूज एमआयडीसीला लागून असलेल्या बजाजनगरमध्ये आम्ही दोघं नवरा-बायको इंग्रजी संभाषणाचा क्लास चालवतो. येणारी मुलं बहुतेक कंपन्यांतली, आयटीआय किंवा डिप्लोमा केलेली. पहिली शिफ्ट सुटली की थेट आमच्याकडे. 2000 सालापासून राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे बारा काळांचा तक्ता या पोरांना तोंडपाठ असतो, पण 'मशीन परत बंद पडलंय' एवढं साहेबांना इंग्रजीत सांगायचं म्हटलं की घसा कोरडा.

म्हणून जे सर्वांत जास्त वापरात, ते आधी शिकवायचं ठरवलं. कल्पना आमची नव्हे. ढाक्यात शिक्षण खात्यात असलेल्या मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या, नेहमीच्या शब्दांतली वाचनमाला केली आणि पुढे 1953 मध्ये सुमारे 2,000 शब्दांची यादी प्रसिद्ध केली. 1980 च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या कोबिल्ड या शब्दकोश प्रकल्पात, कोणता शब्द किती वेळा येतो याची संगणकावर मोजणी झाली. नेहमीचे 700 शब्दच इंग्रजी मजकुराचा साधारण 70 टक्के भाग व्यापतात, असं त्यात निघालं.

आता गंमत बघा. उरलेल्या 30 टक्क्यांतलं बरंचसं आमच्या पोरांकडे आधीपासूनच असतं! बेअरिंग, डिस्पॅच, रिजेक्शन, ओव्हरटाइम, गेटपास हे शब्द तर ती मराठी बोलतानाही वापरतात. अडतं ते मधल्या बारक्या शब्दांपाशी. पण यादी वरून खाली घोकून भागत नाही. सुरुवातीलाच द, ऑफ, अँड, टू. सुटे घेतले तर हाती काय लागणार? म्हणून आम्ही जोड्याच देतो : 'आय डोन्ट नो', 'कॅन यू हॅव अ लुक', 'इट्स नॉट वर्किंग'. मग त्यांत पोरं आपापल्या खात्यातले शब्द घालतात. व्याकरण त्यातूनच, गरज पडेल तसं.

धंद्याच्या दृष्टीने हे सोपं नव्हतं. 'ग्रामर कधी घेणार?' हा प्रश्न ठरलेला, आणि समोरच्या फ्लेक्सवर 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. तसलं आश्वासन आम्ही देत नाही. त्यापायी काही प्रवेश जातात, जाऊ देत. त्याऐवजी पहिला आठवडा फुकट ठेवला. तो फळला. बरीच मुलं आता आधीच्या मुलांच्या सांगण्यावरून येतात.

यंदा नर्सिंगच्या मुलींची सकाळची बॅच सुरू केली. त्यांची यादी वेगळी करतोय : सलाईन, ड्रेसिंग, डिस्चार्ज त्यांना येतंच, धीर देणारी वाक्यं हवीत. संध्याकाळची नवी बॅच मात्र दहा तारखेनंतरच. त्याआधी पगार झालेले नसतात.