तुझं काय चुकलं, बाळा?

आई गेली त्याला आता दोन वर्षं होतील. दहाव्यानंतर लेकीची मैत्रीण तिच्या आईबरोबर भेटायला आली होती. सातवीतली पोर, इंग्रजी माध्यमातली. अण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सॉरी, आजोबा."

अण्णांनी मान वर केली. "तू गं का सॉरी, बाळा? तुझं काय चुकलं?"

पोरगी गोरीमोरी झाली आणि आईच्या मागे सरकली. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मिरजेत नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी बोलायला शिकवते मी, अकरा वर्षं झाली. पण ती बरोबरच बोलली, एवढं त्या क्षणी मला अण्णांना सांगता आलं नाही.

सॉरी हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग'वरून आला. त्याच्या पोटात 'सार' आहे, म्हणजे दुखणं, वेदना. घसा दुखला की आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो, त्यातला 'सोअर' हा त्याचा सख्खा भाऊ. दुःखासाठीचा 'सॉरो' मात्र वेगळ्या मुळाचा. आवाज आणि अर्थ जवळचे, म्हणून दोघे एका घरातले वाटतात. तेव्हा सॉरीचा मूळ अर्थ 'मला दुखतंय' असा. तुझं दुःख पाहून दुखतंय, नाहीतर माझ्या हातून चूक झाली म्हणून दुखतंय. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द पुरतो.

आपण त्यातला अर्धाच उचलला. एसटीत पाय पडला, सॉरी. फोन उचलता आला नाही, सॉरी. अण्णांच्या पिढीला तर तेवढाही लागला नाही. पाय लागला की वाकून त्या माणसाला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा, शब्दाचं काम तिथेच होतं. घरात कुणी कुणाला 'क्षमा कर' म्हणालेलं मी ऐकलेलं नाही. आई म्हणायची, "चुकलंच बाई माझं." आणि दुसऱ्याच्या दुःखाला आपले शब्द निराळेच: "फार वाईट झालं", "ऐकून कसंतरीच झालं". तेही सुचले नाहीत तर नुसतं जवळ जाऊन बसायचं. अण्णांच्या कानाला सॉरी म्हणजे चुकीची कबुली, त्यामुळे त्यांनी विचारलं ते सरळच होतं.

वर्गात मी हे सोपं करून सांगते. गर्दीतून वाट हवी असेल तर धक्का लागण्याआधी 'एक्स्क्यूज मी', लागल्यावर 'सॉरी'. नीट ऐकू आलं नाही तर 'सॉरी?' असं शेवट वर उचलून म्हणायचं. 'पार्डन' जुन्या वळणाचा. भारतात तो राष्ट्रपतींच्या अधिकारात सापडतो, राज्यघटनेच्या अनुच्छेद 72 मध्ये शिक्षा माफ करण्यासाठी. 'अपॉलजाइज' औपचारिक, पत्रातला. त्याचं ग्रीक मूळ तर बचावाच्या भाषणाचं आहे. सॉक्रेटिसने न्यायालयात केलेलं भाषण 'अपॉलजी' म्हणून ओळखलं जातं आणि त्यात त्याने माफी मागितलेलीच नाही.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी एका वाक्यावर घालवते. रुग्णाच्या नातेवाइकाला 'आय फील सॉरी फॉर यू' म्हणायचं नाही. त्यात कीव येते, वरून खाली पाहिल्यासारखं होतं. 'आय अ‍ॅम सो सॉरी' एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. मुलींना थांबणंच जड जातं, लगेच 'डोन्ट वरी' जोडावंसं वाटतं. मी जोडू देत नाही.

आणि 'रिग्रेट'. नोकरीच्या नकाराचं पत्र, रद्द झालेल्या गाडीची घोषणा, तिथे हा शब्द हमखास. चुकीची जबाबदारी अंगाला न लावता खेद कळवायची त्यात सोय आहे. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडली गेली होती. 1999 मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत मांडलेल्या ठरावात 'रिग्रेट' होतं, 'सॉरी' नव्हतं. पुढच्या मे महिन्यात लाखो माणसं सिडनीच्या हार्बर पुलावरून चालली आणि वर आकाशात विमानाने धुराने एकच शब्द लिहिला: सॉरी. तो संसदेत सरकारच्या तोंडून यायला 13 फेब्रुवारी 2008 उजाडला. तेव्हाचे पंतप्रधान केविन रड यांनी तो उच्चारला तेव्हा तोडल्या गेलेल्या मुलांपैकी कितीतरी जण म्हातारे होऊन समोर बसले होते, रडत होते.

आपल्या वाट्याला अजून 'रिग्रेट'च आहे. जालियनवाला बागेच्या शंभराव्या वर्षी, एप्रिल 2019 मध्ये, तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे संसदेत बोलल्या ते 'डीपली रिग्रेट'. खोल खेद. वर्गात मी हे दोन्ही प्रसंग सांगते, कारण समानार्थी शब्दांची यादी पाठ करून हा फरक कळत नाही. शब्दकोशात दोन्ही शेजारीशेजारी असतात. ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याला मात्र पहिल्या झटक्यात समजतं आपल्याला कोणता दिला ते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी अण्णांशेजारी बसले. म्हटलं, "अण्णा, त्यांच्या भाषेत सॉरी म्हणजे नुसतं चुकलं असं नाही. मला दुखतंय, असंही आहे."

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "आणि मी पोरीला उलट विचारलं."

पंधराएक दिवसांनी ती खेळायला आली. अण्णांनी तिला हाक मारून जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "त्या दिवशी तू काय म्हणालीस, ते मला जरा उशिरा कळलं बघ."