स्टिकरवर ‘मूळ टेप’, तबकडीत ७८चे खटके: माझा अनुभव

ऑनलाइन घेतलेली रेकॉर्ड परत करायच्या फॉर्मवर कारणांची यादी येते. वस्तू तुटली आहे, चुकीची वस्तू आली, उशिरा आली, आता नको आहे. ‘वर जे छापलंय ते आत नाही’ असं कारण त्या यादीत नाही. माझ्या एलपीवरच्या स्टिकरचा दावा खरा नाही, ही तपासणी एका सकाळी झाली होती. त्यानंतरचे ३४ दिवस या एका रकान्यापायी गेले. कुणी जुन्या नाट्यपदांची, भावगीतांची ‘रीमास्टर्ड’ (जुनं ध्वनिमुद्रण नव्याने साफसूफ करून काढलेली) एलपी घेतली असेल आणि ऐकताना काहीतरी खटकत असेल, तर त्याचे एवढे दिवस जाऊ नयेत म्हणून लिहितो आहे.

एलपी नाट्यपदांची. पहिल्या बाजूला १९३०-४०च्या दशकांतली पदं, दुसऱ्या बाजूला १९६०च्या दशकातली. किंमत तीन हजारांच्या आसपास. आवरणावर सोनेरी स्टिकर: ‘मूळ मास्टर टेपवरून रीमास्टर. १८० ग्रॅम. स्टीरिओ.’ मास्टर टेप म्हणजे स्टुडिओत मूळ ध्वनिमुद्रण जिच्यावर झालं ती टेप. वजन खरं आहे, घरच्या काट्यावर १७८ भरलं. पण वजनाचा आणि ध्वनिमुद्रण कशावरून घेतलं याचा काही संबंध नाही, त्यामुळे त्या आकड्यावर भुलू नका.

पहिल्या बाजूची पदं ज्या काळातली आहेत, त्या काळी आपल्याकडे टेपवर ध्वनिमुद्रण होतच नव्हतं. गायकाचा आवाज थेट मेणाच्या तबकडीत कोरायचे, तिच्यावरून धातूचा साचा, आणि साच्यावरून ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या रेकॉर्डी. रेकॉर्डिंग स्टुडिओंत टेप रुळली ती १९५०च्या आगेमागे. म्हणजे १९३५च्या पदाची ‘मूळ मास्टर टेप’ असूच शकत नाही. फार तर कुणीतरी नंतर ७८ची रेकॉर्ड वाजवून टेपवर उतरवली असेल. तसं करण्यात गैर काहीच नाही. साचे हरवले असतील तर चांगल्या अवस्थेतली ७८ शोधणं, तिच्या खाचेला जुळणारी सुई लावणं आणि नीट उतरवून घेणं हे मोठ्या कसबाचं काम आहे. तसं छापा, मी आनंदाने विकत घेईन. माझी तक्रार फक्त स्टिकरबद्दल होती.

पण तारखेचा हा मुद्दा ग्राहक सेवेला कळत नाही. त्यांना दाखवता येईल असं काहीतरी लागतं. ते मिळालं खटक्यांमधून. गायकीतला खटका नव्हे, चरे पडलेल्या रेकॉर्डचा खटका.

तबकडीवर आडवा चरा पडला की सुई प्रत्येक फेऱ्याला त्यावरून जाते आणि एकदा ‘खट्’ होतं. एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. ७८ची रेकॉर्ड एका फेऱ्याला ०.७७ सेकंद घेते. नव्या एलपीवर चरा असेल तर त्या एका चऱ्याचे खटके १.८ सेकंदांनीच येतील, दुसरं अंतर शक्यच नाही. खटके पाऊण सेकंदाच्या अंतराने येत असतील तर ते या तबकडीचे नाहीत, जिच्यावरून हे उतरवलं त्या ७८चे आहेत.

कॉम्प्युटर नसेल तर नुसत्या कानांनीही हे कळतं. पदाच्या सुरुवातीला ऑर्गन एकटा वाजत असतो किंवा शेवटी आवाज विरत जातो, तिथे हेडफोन लावून ऐका. खटके साफ केलेले असले तरी ७८ची सुस्स-सुस्स अशी लाट उरते, प्रत्येक फेऱ्याला एक. घड्याळ लावून पंधरा सेकंद मोजा. आठच्या आसपास आल्या तर त्या एलपीच्या. एकोणीस-वीस आल्या तर ७८च्या. मला पहिल्याच पदात एकोणीस आल्या.

कागदावर दाखवायचं तर रेकॉर्डिंग करा. टर्नटेबल, फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा), साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (तो कॉम्प्युटरात नेणारा) आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर एवढं पुरे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर असेल तेवढाच ठेवा (माझ्या एटी-व्हीएम९५ईला २ ग्रॅम), अंदाजाने नको, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. सुई टेकते तिथपासून रेकॉर्ड करा, दोन पदांमधली रिकामी जागाही कापू नका, पुरावा तिथेच असतो.

नागपुरात एप्रिल-मेमध्ये हे काम पहाटे पाचला करा. दिवसभर चालणाऱ्या कूलरच्या मोटरची घरघर फरशीतून टर्नटेबलपर्यंत जाते आणि रेकॉर्डिंगमध्ये ५० आणि १०० हर्ट्झला उभी राहते. कूलर बंद, पंखा बंद, टर्नटेबल भिंतीतल्या कडप्प्यावर. टेबलावर ठेवून पाहिलं, नुसतं चाललं तरी सुई हलते.

आता रेकॉर्डिंगची एक प्रत घ्या आणि तिच्यावर ५,००० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे आवाज गाळून टाकणारा) लावा. गाणं जवळपास नाहीसं होतं आणि खटके काट्यांसारखे उभे दिसतात. एका काट्यापासून पुढच्या दहाव्या काट्यापर्यंत सिलेक्ट करा, खालच्या पट्टीत कालावधी मिलिसेकंदांत दिसतो. दहाने भागा. माझा आकडा ७.७१ सेकंद, म्हणजे फेऱ्याला ०.७७१. तो अगदी ०.७६९ यायलाच हवा असं नाही. त्या काळच्या सगळ्या रेकॉर्डी काटेकोर ७८ला कापलेल्या नसत, आणि उतरवणाऱ्याने सूर जुळवायला गती बदललेली असू शकते. ०.७५ ते ०.७९मध्ये काहीही आलं तर स्रोत ७८चाच.

हे करण्याआधी तुमचं टर्नटेबल बरोबर गतीने फिरतंय ना ते पाहा, नाहीतर समोरचा तिथेच बोट ठेवेल. स्ट्रोब कार्ड (तबकडीच्या जागी ठेवायची रेघांची चकती, गती बरोबर असेल तर दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात) वापरायचं तर ५० हर्ट्झचं, ३३ १/३साठी १८० रेघांचं. एलईडी दिव्याखाली रेघा बहुधा स्थिर दिसत नाहीत, जुना तारेचा पिवळा बल्ब लागतो. याहून सोपी युक्ती म्हणजे एलपीचाच एखादा खटका मोजायचा. १.८०० आला तर गती बरोबर, १.७८२ आला तर टर्नटेबल एक टक्का जोरात फिरतंय.

आणखी एक गोष्ट दिसली. स्पेक्ट्रोग्राममध्ये (कुठल्या क्षणी किती हर्ट्झचे आवाज आहेत ते दाखवणाऱ्या चित्रात) एलपीचे स्वतःचे खटके ३० किलोहर्ट्झच्याही वर जाणाऱ्या उभ्या रेघा असतात. ७८चे खटके १६ किलोहर्ट्झला एकाच रेषेत कापलेले होते, कात्रीने कापावेत तसे. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबलेल्या एमपी३ फाइलचा काप साधारण तिथेच पडतो. शंका यायला हे पुरे आहे, तक्रारीला नाही, कारण खरखर कमी करायला इंजिनिअरही असा फिल्टर लावतो. मी पहिल्या तक्रारीत हेही लिहिलं आणि चूक केली. सहा मुद्दे लिहिले की समोरचा सर्वात कच्च्या मुद्द्याला उत्तर देतो.

आता फॉर्मकडे. परत करायची मुदत सात दिवस. तिसऱ्या दिवशी मी ‘सदोष वस्तू’ निवडलं. पिकअपला आलेल्या मुलाने तबकडी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, “भाऊ, मले चरा दिसला तं लिहिता येते. आवाजाचं मी काय लिहू?” त्याचं बरोबर होतं, त्याच्या यंत्रात तो पर्यायच नव्हता. पाच दिवसांनी पार्सल परत आलं: भौतिक दोष आढळला नाही. मग ‘चुकीची वस्तू’ निवडलं. बारकोड जुळला, विनंती बंद. चॅटवर सांगितलं, तुमची सुई तपासा. मी खटक्यांची फाइल जोडायला गेलो तर फॉर्म फक्त फोटो घेतो, पाच, ऑडिओ नाही. पुन्हा चॅट, पुन्हा सुई तपासा. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला ३३ आणि ७८ पहिल्यापासून सांगायचं. सुई बदलल्याने पाऊण सेकंदाचा खटका १.८ सेकंदांचा होत नाही, हे मी किती वेळा लिहिलं असेल!

सुटका झाली ती शब्द बदलल्यावर. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२०चे आहेत. जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्यं वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. म्हणून ‘आवाज खराब आहे’ हे वाक्य कुठेही लिहू नका. आवाज हा मताचा विषय होतो आणि तिथे तुम्ही हरता. ‘मूळ मास्टर टेपवरून असं जाहीर केलं आहे, वस्तू तशी नाही’ एवढंच लिहा.

त्याच नियमांनुसार साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. बहुतेक ठिकाणी तो अगदी तळाला, बारीक अक्षरांत असतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. मी बाराव्या दिवशी मेल पाठवला. सोबत पाच चित्रं: स्टिकर, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट, बिल, खटक्यांच्या आलेखावर लाल रेघा मारून लिहिलेलं ०.७७१, आणि तुलनेला एलपीच्या स्वतःच्या खटक्याचं १.८००. एक प्रश्न विचारला: पहिल्या बाजूच्या कुठल्या पदाची मूळ टेप तुमच्याकडे आहे? पोच आली, उत्तर नाही. आठ दिवस थांबून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, तो त्याच मेलखाली टाकला. तेव्हा कुठे माणसाने लिहिलेलं पहिलं उत्तर आलं. यानंतर सिव्हिल लाइन्सला जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी मी ठेवली होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि विक्रेता कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ती वेळ आली नाही.

दुसऱ्या बाजूचं राहिलं. तिथली पदं मूळची मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. जुनी एचएमव्हीची एलपी घरात असेल तर क्रमांक पाहा, ईसीएलपी किंवा ईएएलपी म्हणजे मोनो, ईसीएसडी किंवा ईएएसडी म्हणजे स्टीरिओ. नव्या एलपीत हे मोनो स्टीरिओ वाटावं म्हणून ‘रुंद’ केलं आहे. तपासायचं असं: दोन्ही चॅनल वेगळे करा, आवाजाची पातळी जुळवा, एक उलटा (इन्व्हर्ट) करा, मिसळा. खरं मोनो असेल तर गाणं जवळजवळ नाहीसं होऊन खरखर उरते. कार्ट्रिज दोन बाजू पूर्ण वेगळ्या ठेवत नाही, त्यामुळे थोडं गाणं राहणारच. इथे मात्र गायिकेचा आवाज विहिरीतून यावा तसा, प्रतिध्वनीसकट शिल्लक राहिला. तो प्रतिध्वनी जुन्या रेकॉर्डवर नाही.

जुन्या आणि नव्याची तुलना करताना दोन्ही फाइली आधी लाउडनेस नॉर्मलायझेशनने सारख्या करा, उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) चालेल. एक डेसिबल जास्त असलेली प्रत कानाला चांगलीच वाटते, इथे भलेभले फसतात. आणि डायनॅमिक रेंजचा (हळू आणि मोठ्या आवाजांतल्या फरकाचा) आकडा एलपीला लावून सीडीशी तुलना करू नका. मास्टर तोच असला तरी एलपीचा आकडा जास्त येतो.

खरखर किती काढली ते तंबोऱ्यावर तपासा. तार छेडल्यावर जवारीचा झंकार हळूहळू विरत जातो. सफाई जास्त झाली असेल तर तो मध्येच पाण्यात बुडाल्यासारखा चिवचिवतो आणि मग एकदम काळी शांतता येते. ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. मला ७८ची खरखर चालते. झंकार गेलेला चालत नाही.

स्वच्छ करून मगच मोजा. डिस्टिल्ड पाणी घ्या, आपल्या नळाच्या पाण्याने पांढरे डाग राहतात. एलपीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण घरातल्या ७८ला चुकूनही लावू नका, लाख विरघळते. उन्हाळ्यात एलपी मागवूच नका. पारा ४५वर असताना कुरिअरच्या बंद गाडीत दुपारभर पडलेली तबकडी वाकून येते, आणि मग तक्रार वाकण्याची होते, स्टिकरची राहत नाही.

पैसे ३४व्या दिवशी खात्यात आले. ती एलपी त्याच पानावर अजून विकायला आहे. फोटोतला स्टिकर तोच आहे, खालच्या वर्णनातून मात्र ‘मूळ मास्टर टेपवरून’ हे शब्द काढले आहेत.