ड्रेस्डेन बराकीचं अंगण

प्रागच्या होलेशोव्हित्से स्थानकावरून बसनं तासाभरात तेरेझीनला पोहोचले. 1780 मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफनं बांधायला घेतलेलं, आईचं, म्हणजे मारिया थेरेसाचं नाव दिलेलं तटबंदीचं गाव. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी इथे ज्यूंना कोंडून ठेवलं, गावाचं घेट्टो केलं. सरळ रस्ते, लांबलचक बराकी आणि अंगावर येणारी शांतता.

मला पाहायची होती ती ड्रेस्डेन बराक. ती आता मोडकळीला आलीये, छप्पर जागोजागी खचलंय. बाहेरूनच पाहिली. तिचं अंगण मात्र मला आधीपासून पाठ होतं. 1944 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाझींनी इथे प्रचारपट चित्रित करून घेतला, त्यात याच अंगणात फुटबॉलचा सामना आहे. तिन्ही मजल्यांच्या कमानींत खचाखच माणसं, छातीवर पिवळे तारे, गोल झाला की उसळणारी गर्दी. जूनमध्ये रेड क्रॉसचे पाहुणे येऊन गेले, त्याआधी गाव मोकळं दिसावं म्हणून साडेसात हजार माणसं आउशवित्सच्या मृत्युछावणीत धाडली होती. दिग्दर्शनाचं काम लादलं होतं कुर्ट गेरॉन या कैदी नटावर. चित्रीकरण उरकलं आणि 28 ऑक्टोबरच्या गाडीनं त्यालाही आउशवित्सला पाठवलं. तिथे त्याला मारलं. हा चित्रपट सामान्य प्रेक्षकांपुढे कधी आलाच नाही. उरलेत ते थोडे तुकडे.

युद्धानंतर याच गावावर चेक दिग्दर्शक आल्फ्रेड राडोकनं 'दालेका चेस्ता' ('दूरचा प्रवास') हा चित्रपट केला, 1949 मध्ये. त्याचे वडील आणि आजोबा तेरेझीनमध्येच गेले होते. आदल्या रात्री प्रागच्या खोलीत तो पुन्हा पाहिला. नाझी बातमीपट पडदा व्यापतो आणि चाललेली गोष्ट आक्रसून कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत जाते. एका घराचं दुःख तिथे चालूच असतं, आपले डोळे मात्र मोठ्या चित्राकडे वळतात. मला अजून हे कुणी इतकं नेमकं दाखवलेलं सापडलेलं नाही. कम्युनिस्ट राजवटीनं तो राजधानीपासून लांब ठेवला, आडगावच्या थिएटरांत थोडे दिवस दाखवला आणि डब्यात घातला. बळी सगळे 'फॅसिझमचे' असायला हवे होते. ज्यू म्हणून मारलेली माणसं त्या गोष्टीत बसत नव्हती.

गावातही तेच. पलीकडच्या छोट्या किल्ल्यात राजकीय कैद्यांचं स्मारक लवकर झालं. घेट्टोत मुलांची वसाहत असलेल्या शाळेत मात्र पोलिसदलाचं आणि 'क्रांतिकारी परंपरां'चं संग्रहालय होतं. घेट्टोचं संग्रहालय तिथे आलं ते 1991 मध्ये. प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या, भिंतींवर मारल्या गेलेल्या ज्यूंची सुमारे 80 हजार नावं हातानं लिहिली होती; 1968 मध्ये ओल आली म्हणून ते बंद केलं. ओल खरीच होती, पण भिंती पुन्हा लिहायला 1992 उजाडावं लागलं!

मग त्या मधल्या काळात तेरेझीन जगाच्या डोळ्यांपुढे आलं ते कसं? माहितीपटांना हलती चित्रं हवी असत, आणि ती होती मारणाऱ्यांनी घेतलेली. ज्याचं घर उद्ध्वस्त झालं त्याचा चित्रपट डब्यात आणि हे तुकडे जगभर. याचा मला मनापासून राग येतो.

पण वाचलेल्यांनी त्याच तुकड्यांत आपली माणसं ओळखली आहेत. कुणाचा शेजारी, कुणाची बहीण, शेवटची चालती-बोलती. परतीच्या बसमध्ये मी तो सामना पुन्हा लावला, आवाज बंद करून. चेंडूकडे न पाहता, कमानींतला एकेक चेहरा थांबवून पाहत बसले. प्राग आलं तेव्हा मी दुसऱ्या मजल्यापर्यंतच पोहोचले होते.